एकं, दहं, शतं... पाटणच्या मठात शिकवली जायची भास्कराचार्यांची गणितं

चाळीसगाव तालुक्यातलं पाटण म्हटलं की पाटणादेवी आठवते. पण याच गावाचं एका थोर गणितज्ञाशीही नातं आहे. त्यांचं नाव भास्कराचार्य.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ.स. १११४ चा. सह्याद्रीजवळचं विज्जलविड हे त्यांचं गाव. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' लिहिला. त्यातला अंकगणिताचा भाग म्हणजे 'लीलावती'.

'लीलावती'त आधी मापं-तोल येतात आणि लगेच अंकांच्या जागा. एक, दश, शत, सहस्र असं करत परार्धापर्यंत १८ जागांची नावं त्यांनी दिली. प्रत्येक जागा आधीच्या जागेच्या दहापट. ही नावं आपण शोधली असं ते म्हणत नाहीत. व्यवहारासाठी जुन्या लोकांनी ती ठरवली, हे ते मोकळेपणाने सांगतात.

मग पहिलंच गणित येतं. २, ५, ३२, १९३, १८, १० आणि १०० यांची बेरीज करा, आणि ती १०,००० मधून वजा करा. दिसायला सोपं, पण पोरं इथंच अडतात. पहिला २ एकंच्या जागी आहे, ३२ मधलाही २ एकंच्या खालीच मांडायचा. १९३ मधला १ मात्र शंभराचा, तो शतंच्या खाली. जागा नीट मांडली तर बेरीज ३६० येते आणि वजाबाकी ९,६४०. जागा सरकली की सगळा हिशेब चुकतो.

गुणाकारातही तेच. १३५ गुणिले १२ करताना १२ मधला १ हा एक नाही, तो दहा आहे. म्हणून २७० आणि १,३५० मिळून १,६२०.

शून्याची गणितंही त्यांनी वेगळी सांगितली. शून्याला स्वतःची किंमत नसली तरी ते जागा धरून ठेवतं. एक शून्य गळालं की १०,००० चे १,००० होतात. सातबारा असो की बँकेचं पासबुक, असा घोळ महागातच पडतो.

भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला. १२०७ मध्ये निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने मठाला दान दिलं. पाटणादेवीच्या मंदिरातल्या शिलालेखात हे सगळं कोरलेलं आहे, आणि दानाचा तपशील जुन्या मराठीत आहे. बाजारात येणाऱ्या मालातला वाटा आणि दर घाण्यामागे पळीभर तेल मठाला मिळायचं. म्हणजे गावच्या व्यापाऱ्या-तेल्यांच्या कमाईवर हे शिक्षण चाललं.

पुढे १५८७ मध्ये अकबराच्या सांगण्यावरून फैजीने 'लीलावती' फारसीत नेली.

आज रात्री पोरांचा अभ्यास घेताना १०,००० मधून ३६० वजा करायला सांगा. उत्तर चुकलं तर रागावू नका. एकं, दहं, शतंचे रकाने आखून द्या आणि पुन्हा मांडायला लावा.