जयप्रकाश नारायण

जयप्रकाश नारायण (११ ऑक्टोबर १९०२ – ८ ऑक्टोबर १९७९) हे भारतीय स्वातंत्र्यसेनानी, समाजवादी आणि पुढे सर्वोदयी नेते होते. लोकनायक व जेपी या नावांनी ते ओळखले जातात. आयुष्याची अखेरची सुमारे चार वर्षे ते डायलिसिसवर (अपोहनावर) होते. जनता पक्षाची उभारणी त्यांनी याच काळात केली.

सातारा-सांगलीशी संबंध

अमेरिकेतील शिक्षणानंतर १९२९ मध्ये ते भारतात परतले. नाशिकच्या तुरुंगात अच्युत पटवर्धन आदींच्या सहवासात काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना आकाराला आली. १९४२ च्या दिवाळीत जयप्रकाश हजारीबागच्या तुरुंगातून निसटले. त्या भूमिगत पर्वात पटवर्धनांनी सातारा जिल्ह्यातील प्रतिसरकारला साथ दिली. क्रांतिसिंह नाना पाटलांचे हे कार्यक्षेत्र तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात होते; त्यातील वाळवा, तासगाव हे तालुके आज सांगली जिल्ह्यात मोडतात.

आजार

२६ जून १९७५ रोजी, आणीबाणीच्या आरंभी, त्यांना अटक झाली. चंडीगढ येथील स्थानबद्धतेत प्रकृती ढासळल्यावर नोव्हेंबरमध्ये त्यांची सुटका झाली व त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात हलवण्यात आले. (या रुग्णालयाचे उद्घाटन १९७३ मध्ये इंदिरा गांधी यांच्याच हस्ते झाले होते.) दोन्ही मूत्रपिंडे कायमची निकामी झाल्याचे तेथे निष्पन्न झाले. स्थानबद्धतेतील उपचारांविषयी पुढे शंका घेतल्या गेल्या.

डायलिसिसच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पोटाच्या पडद्याद्वारे होणाऱ्या पद्धतीत उदरपोकळीत द्राव सोडून काही तासांनी काढून घेतात. तिला मोठे यंत्र लागत नाही. मात्र पोटात जंतुसंसर्गाचा धोका असतो. रुग्णाने घरी हिंडता-फिरता करण्याचा तिचा प्रकार त्या वेळी नुकताच आकाराला येत होता. रक्ताच्या डायलिसिसमध्ये रक्त शरीराबाहेरील कृत्रिम पडद्यातून फिरवून शुद्ध करतात. ही पद्धत जलद आहे, परंतु यंत्र, शुद्ध पाणी, प्रशिक्षित माणसे आणि रक्तवाहिनीपर्यंतचा टिकाऊ मार्ग तिला हवा असतो. जयप्रकाशांचे उपचार यंत्रावर, म्हणजे दुसऱ्या पद्धतीने झाले. असा मार्ग ठेवणारी नळी १९६० मध्ये सिअ‍ॅटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी प्रचारात आणली होती. त्याच शहरात जयप्रकाश १९७७ मध्ये उपचारांसाठी गेले.

यंत्राचा खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा होता. त्यासाठी लोकवर्गणी उभी राहिली. इंदिरा गांधी यांनी पंतप्रधान निधीतून पाठवलेली रक्कम जयप्रकाशांनी परत केली. लोकांच्या पैशांतून त्यांची सोय झाली खरी, पण तेव्हाच्या बहुसंख्य रुग्णांना दोन पद्धतींत निवड करण्याची वेळही येत नसे.

अखेरचा काळ

१९७७ च्या निवडणुकीत त्यांना प्रचाराचे दौरे डायलिसिसच्या दिवसांना सांभाळून करावे लागले. २४ मार्च १९७७ रोजी राजघाटावर त्यांनी जनता पक्षाच्या खासदारांना शपथ दिली. मार्च १९७९ मध्ये ते जसलोकमध्ये असताना त्यांच्या निधनाची चुकीची घोषणा लोकसभेत झाली आणि सभागृहाने श्रद्धांजलीही वाहिली. त्यानंतर ते सहा महिन्यांहून अधिक काळ जगले. सत्त्याहत्तराव्या वाढदिवसाच्या तीन दिवस आधी पाटणा येथे त्यांचे निधन झाले.