टोपी घालवत नव्हती म्हणून आजोबांनी डॉक्टरांना दाखवलं, आणि एका आजाराची पहिली नोंद झाली

लंडनमधले एक आजोबा. वय ८० च्या पुढे. तक्रार काय, तर डोक्यावर लाल रेघा उठल्यात आणि टोपी घातली की दुखतं.

आता ही काय तक्रार झाली का? आपल्याकडे घरातल्या कुणी असं सांगितलं तर आपण म्हणू, मग नका घालू टोपी. पण ज्या डॉक्टरांनी त्यांना पाहिलं त्यांचं नाव होतं जोनाथन हचिन्सन. त्यांनी १८९० मध्ये ही केस लिहून काढली. आज जगभरात जायंट सेल आर्टेरायटिस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आजाराचं आधुनिक वैद्यकातलं पहिलं नीट वर्णन म्हणून तीच केस सांगितली जाते. म्हातारपणी अचानक दृष्टी घालवू शकणारा हा आजार आहे.

हचिन्सन यांचा जन्म १८२८ चा, इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या सेल्बी गावातला. घर क्वेकर पंथाचं, म्हणजे साधं राहणं आणि शिस्त. आधी यॉर्कमध्ये एका डॉक्टरच्या हाताखाली उमेदवारी केली, मग लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलमध्ये शिक्षण घेतलं आणि १८५० मध्ये ते सर्जन झाले. पुढे लंडन हॉस्पिटलमध्ये त्यांनी बरीच वर्षं काम केलं. १८८९ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे ते अध्यक्ष झाले, १९०८ मध्ये सर ही पदवीही मिळाली.

पण पदांपेक्षा भारी होती ती त्यांची नजर. आज एका डॉक्टरकडे एकच विषय असतो. हा माणूस सर्जन होता, त्वचेचे आजार बघायचा, डोळ्यांच्या हॉस्पिटलमध्येही काम करायचा. आईकडून बाळाला झालेला सिफिलिस ते मुलांच्या दातांवरून ओळखायचे. त्या खाचा पडलेल्या दातांना आजही हचिन्सनचे दात म्हणतात. लहान मुलं अकाली म्हातारी दिसू लागतात त्या प्रोजेरियाचं वर्णनही त्यांनी १८८६ मध्ये केलं. ‘पा’ सिनेमातला ऑरो आठवतोय? तोच आजार.

काही वेगळं दिसलं की लिहायचं आणि चित्र काढून घ्यायचं, ही त्यांची सवय. रुग्णांच्या रंगीत चित्रांचा प्रचंड साठा त्यांनी जमवला. ‘आर्काइव्ह्ज ऑफ सर्जरी’ नावाचं एक नियतकालिक तर ते जवळपास एकहाती लिहायचे. आजोबांची टोपी आली ती यातच.

हचिन्सननी त्या लाल रेघांकडे नीट पाहिलं. त्या त्वचेवरच्या रेघा नव्हत्याच. कानशिलावरून डोक्याकडे जाणाऱ्या धमन्या सुजून वर आल्या होत्या, दोन्ही बाजूंना. पहिल्या आठवड्यात त्यात हलकी नाडी लागत होती. नंतर तीही थांबली, लाली उतरली आणि धमन्या बंद होऊन दोरीसारख्या कडक झाल्या. त्यानंतर आजोबा बरीच वर्षं जगले, धमन्यांचा दुसरा काही त्रास न होता.

म्हणजे नशीबवान. आणि इथेच एक गोष्ट हुकली. हचिन्सन स्वतः डोळ्यांचे जाणकार, पण या आजाराचा आणि आंधळेपणाचा संबंध त्यांच्या लक्षात आला नाही. समोरच्या रुग्णाचे डोळे शाबूत राहिले, मग येणार कसा? त्यांनी लेखाच्या शीर्षकात भीती घातली ती गँग्रीनची. धमनीचा तुकडा काढून तपासण्याचा प्रश्नही तेव्हा आला नाही.

नजर तीक्ष्ण असली तरी माणूस चुकतो, याचा मोठा नमुनाही हचिन्सनच. कुष्ठरोग नीट न टिकवलेले, खराब मासे खाल्ल्यामुळे होतो, असं त्यांचं ठाम मत होतं. हॅन्सन यांनी कुष्ठरोगाचा जंतू १८७३ मध्येच शोधला होता, तरी हे मागे हटले नाहीत. पुरावे गोळा करायला ते म्हातारपणी दक्षिण आफ्रिकेत आणि आपल्या भारतातही येऊन गेले, १९०६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. ते मत पुढे टिकलं नाही. १९१३ मध्ये हेझलमिअर इथे त्यांचं निधन झालं. सामान्य लोकांसाठी त्यांनी तिथे काढलेलं म्युझियम आजही आहे. रुग्णांची चित्रं मात्र अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला गेली.

आजोबांची केस बरीच वर्षं तशीच पडून राहिली. १९३२ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे बेयर्ड हॉर्टन आणि सहकाऱ्यांनी अशाच दोन रुग्णांच्या कानशिलावरच्या धमनीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. धमनीच्या भिंतीतच सूज होती. या सुजेत बऱ्याचदा अनेक केंद्रकं असलेल्या मोठाल्या पेशी दिसतात, त्यावरून पुढे जायंट सेल हे नाव पडलं. दृष्टी का जाते तेही नंतर उलगडलं. भिंत सुजली की आतली वाट अरुंद होते. डोळ्याच्या नसेला रक्त देणाऱ्या बारीक धमन्यांत हे झालं, तर नस रक्तावाचून मरते.

आता आपल्या घरातलं बोलू. हा आजार साधारण पन्नाशीनंतरच होतो, सत्तरीत जास्त, आणि बायकांना पुरुषांपेक्षा जास्त. उत्तर युरोपच्या मानाने भारतात कमी दिसतो, म्हणून तो चटकन आठवतही नाही. आजी म्हणते, डोकं दुखतंय, फणी लावली तरी डोक्याची कातडी दुखते. आपण बाम देतो. भाकरी चावताना जबडा भरून येतो, थांबलं की बरं वाटतं. आपण दातांच्या डॉक्टरकडे नेतो. सकाळी खांदे आणि कंबर आखडते, बारीक ताप येतो, वजन उतरतं. आपण म्हणतो, वय झालं. आणि मग एक दिवस एका डोळ्यापुढे काही मिनिटं पडदा येऊन जातो. किंवा एकाचे दोन दिसतात. आपण म्हणतो, चष्म्याचा नंबर बदलला असेल.

ही लक्षणं एकेकटी साधी आहेत, पण पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेल्या डोकेदुखीसोबत आली तर थांबायचं नाही. नजरेचा त्रास असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. रक्तात ईएसआर आणि सीआरपी तपासतात, ते बहुतेकदा वाढलेले असतात. सोनोग्राफीत धमनीभोवती काळसर कडं दिसू शकतं. खात्रीसाठी बायोप्सी करतात. पण सूज धमनीत सलग नसते, मध्ये मध्ये चांगला भाग असतो. त्यामुळे तुकडा चांगल्या भागातून आला, तर आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो.

म्हणूनच संशय पक्का असेल तर डॉक्टर रिपोर्टची वाट बघत नाहीत, स्टेरॉइड लगेच सुरू करतात. औषध सुरू झाल्यावरही एक-दोन आठवड्यांपर्यंत बायोप्सीत आजार दिसू शकतो, त्यामुळे तपासणी वाया जात नाही. उलट वाट बघण्यात डोळा जाऊ शकतो. गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही, आणि उपचार नसतील तर काही दिवसांत दुसरा डोळाही जाऊ शकतो.

डॉक्टरकडे जाल तेव्हा फक्त डोकं दुखतं एवढंच सांगू नका. फणीचं सांगा, भाकरीचं सांगा, डोळ्यापुढे आलेल्या पडद्याचं तर नक्की सांगा. टोपी टोचत असेल तर तेही.