परळचे डॉ. सेन

जूचंद्र गावात कुणाचे दुखणे हाताबाहेर गेले की घरातली वडील माणसे फार विचार करत नाहीत. ती के.ई.एम.चे नाव घेतात. रिक्षाने नायगाव स्टेशन गाठायचे, लोकल पकडायची, दादरला गाडी बदलून प्रभादेवीला उतरायचे आणि पूल ओलांडून परळच्या बाजूला जायचे. प्रभादेवी स्टेशनाचे नाव २०१८ पर्यंत एल्फिन्स्टन रोड होते. आमच्याकडची म्हातारी माणसे अजून तेच नाव घेतात.

लहानपणी मी नानीबरोबर या वाटेने पुष्कळदा गेलो आहे. नानीचे हृदय कमजोर होते. तिच्या कागदांची पिशवी माझ्या हातात असे. ती डॉक्टरांच्या खोलीत गेली की मी बाहेर बसून भिंतीवरच्या मराठी पाट्या वाचत असे. माझे मराठी वाचन तिथेच सुधारले, असे मी वर्गात गमतीने सांगतो. पण त्याच रुग्णालयात १९६८ साली काय घडले होते, हे मला फार उशिरा, बी.एड. झाल्यानंतर कळले. ज्यांच्या हातून ते घडले त्या डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांची ही हकिकत आहे.

सेन यांचा जन्म १९१५ साली कोलकात्यात झाला. शाळेचे शिक्षण नागपूरला झाले आणि डॉक्टरकीसाठी ते मुंबईला आले. परळचे सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय तेव्हा अगदी नवे होते. ते आणि त्याला जोडलेले के.ई.एम. रुग्णालय १९२६ साली सुरू झाले. त्या काळी मोठ्या रुग्णालयांतील वरच्या जागा बहुधा इंग्रज डॉक्टरांना मिळत. या महाविद्यालयासाठी ज्यांनी पैसा दिला त्यांनी मात्र एक अट घातली होती. इथे शिकवणारे डॉक्टर हिंदी असले पाहिजेत, अशी ती अट होती. म्हणून परळला आलेल्या मुलांना पहिल्याच दिवसापासून आपल्याच देशातील डॉक्टर शस्त्रक्रिया करताना दिसत. सेन यांच्यासारख्या विद्यार्थ्याला याचा किती उपयोग झाला असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

शिक्षण संपल्यावर ते के.ई.एम.मध्येच राहिले. १९४९ च्या सुमारास रॉकफेलर शिष्यवृत्ती मिळाली आणि ते अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेले. ते दिवस हृदयाच्या शस्त्रक्रियेचे पहिले दिवस होते. त्याआधी हृदयाला हात लावणे म्हणजे रोग्याचा जीव घेणे, असेच बहुतेक सर्जन समजत. कारण उघड आहे. हृदय हा आपल्या मुठीएवढा पंप आहे आणि तो दिवसाला सुमारे एक लाख वेळा चालतो. हात मोडला तर तो बांधून स्वस्थ ठेवता येतो. हृदयाला स्वस्थ कसे ठेवणार?

सेन परत आले तेव्हा परळला त्यांच्यापुढे जे रोगी होते त्यांत गरीब घरांतील तरुण मुले-मुली पुष्कळ होत्या. लहानपणी घसा दुखतो, ताप येतो, मग सांधे सुजतात. घरचे लोक म्हणतात, बरे झाले, ताप उतरला. पण या तापाचा एक प्रकार असा आहे की तो सांध्यांना सोडतो आणि हृदयाला धरतो. हृदयात रक्त एकाच दिशेने जावे म्हणून झडपा असतात. या तापाने झडपेची पाळी एकमेकींना चिकटतात. वाट अरुंद होते, रक्त मागे फुफ्फुसांत साचते. वीस-पंचवीस वर्षांच्या माणसाला जिना चढताना धाप लागते, रात्री आडवे झोपता येत नाही. दाट वस्तीत, एका खोलीत दहा माणसे राहतात तिथे हा रोग जास्त आढळतो.

या रोग्यांवर सेन यांनी १९५० नंतरच्या वर्षांत शस्त्रक्रिया सुरू केल्या. रोग्याला भूल दिली जाई. (मराठीत या ठिकाणी भूल म्हणजे बेहोश करण्याचे औषध. उर्दूतील भूल-चूक इथे लावू नका. दरवर्षी कुणीतरी हा घोटाळा करतेच.) मग डाव्या बाजूच्या बरगड्यांमधून छाती उघडायची, चालू हृदयाच्या वरच्या कप्प्याला लहानसे छिद्र पाडायचे, त्यातून बोट आत घालायचे आणि चिकटलेली झडप त्या बोटाने मोकळी करायची. हृदय चालूच असे. आतले काही दिसत नसे. आपल्या जूचंद्रचे रांगोळी काढणारे कलावंत साऱ्या मुलखात प्रसिद्ध आहेत. चिमटीतून रंग सोडताना त्यांचा हात कसा स्थिर असतो, ते तुम्ही पाहिले आहे. पण ते निदान डोळ्यांनी पाहून काढतात. इथे बोटालाच डोळे व्हावे लागत.

माझ्या नानीच्या डाव्या बगलेखालून पाठीकडे गेलेला एक लांब व्रण होता. तो कसला, असे आम्ही मुले विचारत असू. लग्नानंतर थोड्याच वर्षांत परळला छाती उघडली होती, एवढेच ती सांगे. डॉक्टर कोण होते ते तिला ठाऊक नव्हते. वरची माहिती वाचली तेव्हा तो व्रण कशाचा होता, ते मला समजले.

झडप मोकळी करणे जमले, पण हृदयाच्या दोन कप्प्यांमधील पडद्यालाच जन्मापासून भोक असेल तर? तिथे बोट पुरत नाही. हृदय उघडून, पाहून, टाके घालावे लागतात. तेवढा वेळ रक्त थांबवावे लागते आणि रक्त थांबले की तीन-चार मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. यावर एक उपाय निघाला होता. रोग्याला भूल देऊन त्याचे शरीर थंड करायचे. शरीर थंड झाले की त्याची प्राणवायूची गरज कमी होते आणि सर्जनला आणखी काही मिनिटे मिळतात. सेन यांनी के.ई.एम.मध्ये याच पद्धतीने १९५६ साली अशी शस्त्रक्रिया केली. घड्याळाकडे पाहात टाके घालायचे होते. हे सारे महापालिकेच्या रुग्णालयात चालले होते.

सेन यांच्या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग मात्र सापांशी संबंधित आहे. हृदय साऱ्या शरीराला रक्त देते, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूलाही रक्त लागते. ते बारीक धमन्यांतून येते. त्या धमन्या बंद होऊ लागल्या की छातीत कळ येते. जड वस्तू उचलली, चढ चढला, की छातीवर कुणी दगड ठेवल्यासारखे वाटते. सेन आणि त्यांच्या साथीदारांनी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाकडे पाहिले. सापाच्या हृदयाचा स्नायू आतून स्पंजासारखा असतो आणि कप्प्यातील रक्त बारीक वाटांनी सरळ त्या स्नायूत शिरते. माणसाच्या हृदयातही अशा वाटा पाडल्या तर? त्यांनी सुईने हृदयाच्या स्नायूला भोके पाडून हा विचार कुत्र्यांवर तपासला आणि १९६५ साली तो अमेरिकेतील एका मोठ्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. लेखावर सेन यांच्याबरोबर तेहमतन उदवाडिया, किनारे आणि परुळकर यांची नावे होती. यांतील डॉ. उदवाडिया पुढे दुर्बिणीतून पोटाची शस्त्रक्रिया भारतात आणणारे म्हणून नावाजले.

सुईची भोके पुढे मागे पडली, विचार मात्र जिवंत राहिला. काही वर्षांनी इतर देशांतील सर्जन सुईऐवजी लेसर किरणांनी तशीच भोके पाडू लागले. ज्यांच्या छातीतील कळ कोणत्याही औषधाने थांबत नव्हती अशा रोग्यांसाठी १९९८ साली अमेरिकेत या उपचाराला मान्यता मिळाली. पुष्कळांची कळ कमी झाली. मात्र ती भोके काही काळाने बुजतात, असेही दिसून आले. मग कळ का कमी होते, यावर तज्ज्ञांचे एकमत झाले नाही आणि हा उपचार आज क्वचितच होतो. विज्ञानात असे घडते. उत्तर अर्धवट राहते, तरी प्रश्न खोटा ठरत नाही.

आता १९६८ कडे येऊ. त्याच्या आधीच सेन आणि त्यांचे साथीदार परळच्या प्रयोगशाळेत एका कुत्र्याचे हृदय दुसऱ्या कुत्र्याच्या छातीत बसवून पाहात होते. अशा १०० प्रयोगांचा अहवाल त्यांनी १९६५ साली छापला. कुत्र्यांवर प्रयोग म्हटल्यावर वर्गात काही मुली तोंड फिरवतात. त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही. पण माणसावर पहिला प्रयोग करण्यापेक्षा हे बरे, असे त्या काळच्या साऱ्या जगाने मानले होते.

३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेत डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगात प्रथमच एका माणसाचे हृदय दुसऱ्या माणसाच्या छातीत बसवले. तो रोगी १८ दिवस जगला. लगेच अमेरिकेत डॉ. कँट्रोविट्झ आणि डॉ. शमवे यांनी अशा शस्त्रक्रिया केल्या. जगात असे पाच प्रयोग झाले होते. सहावा परळला झाला.

१६ फेब्रुवारी १९६८. रोगी एक तरुण शेतकरी होता. त्याच्या हृदयाचा स्नायूच निकामी झाला होता आणि औषधांनी काही होण्यासारखे राहिले नव्हते. हृदय जिचे होते ती तरुणी रेल्वेगाडीतून पडली होती. लोकलच्या दारात लटकून जाणारी माणसे आपण रोज पाहतो, म्हणून ही गोष्ट वाचताना मला नेहमी थांबावे लागते. एका घरात मूल गेल्याचे रडणे चालू आहे, दुसऱ्या घरात आशा जागी झाली आहे, आणि दोन्ही घरांच्या मध्ये डॉक्टर उभे आहेत.

अशा शस्त्रक्रियेत रोग्याचे रक्त काही वेळ यंत्रातून फिरवले जाते. त्याचे हृदय काढताना वरच्या कप्प्यांच्या मागच्या भिंती तशाच ठेवतात, नवे हृदय त्यांना शिवतात आणि मग दोन मोठ्या रक्तवाहिन्या जोडतात. टाके शेकड्यांनी असतात आणि एकही सैल राहून चालत नाही. आशिया खंडात हे कुणीही केले नव्हते. जगात हे करणारे सेन चौथे सर्जन ठरले.

रोगी सुमारे तीन तास जगला.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सेन यांनी दुसऱ्या रोग्यावर हीच शस्त्रक्रिया केली. तो सुमारे चौदा तास जगला. दोन्ही प्रकरणांची माहिती त्यांनी वैद्यकीय नियतकालिकात छापली. आलेले अपयश लपवले नाही. मला वाटते, पहिली शस्त्रक्रिया करायला धैर्य लागले असेल, पण चौदा तासांचा हिशेब साऱ्या जगापुढे मांडायला त्याहून जास्त लागले असेल. त्यानंतर त्यांनी माणसावर असा प्रयोग केला नाही.

ते एकटेच थांबले असे नाही. १९६८ या एका वर्षात जगभर शंभराच्या आसपास हृदये बसवली गेली आणि बहुतेक रोगी काही दिवसांत किंवा महिन्यांत दगावले. आपले शरीर परक्या अवयवाला शत्रू समजते आणि त्याच्यावर चालून जाते. हा हल्ला रोखणारे चांगले औषध तेव्हा नव्हते. सायक्लोस्पोरीन नावाचे औषध १९८० नंतर वापरात आले, तेव्हा कुठे चित्र बदलले.

दुसरी अडचण कायद्याची होती. त्या काळी हृदय थांबले म्हणजे मृत्यू, अशीच समजूत होती. मेंदू कायमचा मेला आहे, पण यंत्राच्या मदतीने हृदय चालू आहे, अशा माणसाला काय म्हणायचे? जपानमध्ये डॉ. वाडा यांनी ऑगस्ट १९६८ मध्ये हृदय बदलले, तर त्यांच्यावर खुनाचा आरोप होऊन चौकशी झाली आणि १९९९ पर्यंत त्या देशात पुन्हा अशी शस्त्रक्रिया झाली नाही. भारतात १९९४ साली संसदेने अवयव प्रत्यारोपणाचा कायदा केला. मेंदूचा मृत्यू हा मृत्यूच आहे, हे त्यात मान्य झाले. तो कोणी आणि कसा ठरवायचा, हेही त्यात लिहिले गेले. ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. वेणुगोपाल यांनी हृदय बसवले आणि तो रोगी अनेक वर्षे जगला. हा कायदा १९९५ साली ज्या राज्यांत प्रथम लागू झाला त्यांत महाराष्ट्र होता.

हे पाहायला डॉ. सेन नव्हते. १९६९ साली त्यांना पद्मभूषण मिळाले होते. त्यांनी तयार केलेले डॉक्टर पुढे के.ई.एम.मध्ये आणि इतरत्र हृदयाच्या शस्त्रक्रिया करत राहिले. २२ जुलै १९८२ रोजी त्यांचे निधन झाले.

२०२४ च्या जुलै महिन्यात परळच्या त्याच रुग्णालयात पुन्हा एकदा एका माणसाचे हृदय दुसऱ्याच्या छातीत बसवले गेले. मध्ये ५६ वर्षे गेली होती.