डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस : अमेरिकेला जगापुढे जाब विचारणारा समाजशास्त्रज्ञ

समाजशास्त्र शिकताना आम्हाला वर्गात मार्क्स, वेबर, दुर्खीम भेटले. डु बॉइस मात्र भेटले ते बाबासाहेबांच्या पत्रव्यवहारातून. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती बाबासाहेबांनी १९४६ मध्ये त्यांच्याकडे मागितल्या होत्या. अस्पृश्यांचा प्रश्नही तिथे नेण्याचा विचार त्यामागे होता. डु बॉइस यांनी आस्थेने उत्तर दिले.

२३ फेब्रुवारी १८६८ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील ग्रेट बॅरिंग्टन येथे त्यांचा जन्म झाला. १८९५ मध्ये हार्वर्डची पीएच.डी. मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले. फिलाडेल्फियाच्या कृष्णवर्णीय वस्तीत घरोघर फिरून केलेला त्यांचा अभ्यास १८९९ मध्ये प्रसिद्ध झाला. दारिद्र्याचे मूळ रक्तात नसून नाकारलेल्या संधींत आहे, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवले. सर्वेक्षणाचे कागद घेऊन वस्त्यांत फिरणाऱ्या आम्हा कार्यकर्त्यांना या कामाचे मोल कळते. १९०९ मध्ये 'एनएएसीपी' संघटनेच्या स्थापनेत ते होते. तिचे 'द क्रायसिस' हे मासिक त्यांनी १९१० पासून २४ वर्षे चालवले.

ऑक्टोबर १९४७ मध्ये त्यांनी संपादित केलेले निवेदन संयुक्त राष्ट्रांना सादर झाले. झुंडबळी, मताधिकार, शाळा, न्यायालये या सगळ्यांतला वर्णभेद त्यात पुराव्यानिशी मांडला होता. अमेरिकी सरकार अडचणीत आले. एलिनॉर रूझवेल्ट संघटनेच्या संचालक मंडळावर होत्या, पण अमेरिकेच्या प्रतिनिधी म्हणून त्यांनी साथ दिली नाही. सोव्हिएत संघाने विषय लावून धरला, तरी निवेदन फेटाळले गेले.

सरकारचे धोरण दुहेरी होते. परदेशांत कृष्णवर्णीयांच्या प्रगतीची पत्रके वाटायची आणि टीकाकारांची तोंडे घरात बंद करायची. १९५१ मध्ये ८३ वर्षांच्या डु बॉइस यांच्यावर परकीय हस्तक असल्याचा खटला चालला. ते निर्दोष सुटले, तरी १९५८ पर्यंत त्यांना पासपोर्ट मिळाला नाही. पण जगाच्या टीकेचा दबाव खरा होता. वेगळ्या शाळांमुळे परराष्ट्र संबंध बिघडतात, हे १९५२ मध्ये सरकारनेच सर्वोच्च न्यायालयात सांगितले. १९५४ मध्ये त्या शाळा घटनाबाह्य ठरल्या आणि तो निकाल 'व्हॉइस ऑफ अमेरिका'ने लगोलग जगभर ऐकवला.

२७ ऑगस्ट १९६३ रोजी घानातील आक्रा येथे डु बॉइस यांचे निधन झाले. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये लाखोंचा मोर्चा निघाला.

दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेद १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रांत नेणाऱ्या भारताने २००१ च्या डर्बन परिषदेत जातीच्या चर्चेला मात्र विरोध केला. घरातली विषमता बाहेर दिसू नये, असे प्रत्येक सरकारला वाटते. म्हणूनच ती पुराव्यानिशी नोंदवत राहणे आणि जगापुढे ठेवणे, हे काम आम्ही सोडता कामा नये.