एका शब्दाचा आग्रह

दरवर्षी १० डिसेंबरला मानवी हक्क दिन पाळला जातो. १९४८ साली याच दिवशी पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला. ४८ राष्ट्रे अनुकूल, ८ तटस्थ, विरोधी एकही नाही. त्याच्या पहिल्याच कलमातील एका शब्दावर एका भारतीय स्त्रीची मुद्रा आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. त्या हंसाबेन मेहता यांचे आज आम्ही स्मरण करीत आहोत.

हंसाबेन ३ जुलै १८९७ रोजी जन्मल्या. आजोबा नंदशंकर हे गुजरातीतील पहिल्या कादंबरीचे कर्ते, वडील मनुभाई बडोदे संस्थानचे दिवाण. प्राथमिक शिक्षण मुलींनाही सक्तीचे करणाऱ्या सयाजीराव महाराजांच्या त्या बडोद्याशी मराठी माणसाचे नाते आम्ही सांगावयास नको. तेथे १९१८ साली पदवी घेऊन हंसाबेन विलायतेस गेल्या. तेथे सरोजिनी नायडूंचा सहवास लाभला आणि आयुष्याची दिशा ठरली. १९२४ साली त्यांनी डॉ. जीवराज मेहता यांच्याशी विवाह केला. नागर ब्राह्मण कन्येने वैश्य वर वरावा हे ज्ञातीला रुचले नाही; हंसाबेननी तो रोष शांतपणे सोसला. १९३० च्या सत्याग्रहात मुंबईच्या देशसेविकांचे नेतृत्व करून त्यांनी कारावासही पत्करला. पुढे घटना समितीत त्या निवडून आल्या आणि १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री भारतीय स्त्रियांच्या वतीने राष्ट्रध्वज सभागृहाला अर्पण करण्याचा मान त्यांना मिळाला.

त्याच सुमारास त्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी होत्या. अध्यक्षस्थानी एलिनॉर रूझवेल्ट होत्या. जाहीरनाम्याच्या मसुद्यात सर्व 'मेन' जन्मतः स्वतंत्र व समान असल्याचे म्हटले होते. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ पुरुष, आणि रूढीने मनुष्यमात्रही. त्यात स्त्रिया अध्याहृत आहेतच, असा रूझवेल्टबाईंसारख्या विदुषीचाही प्रथम समज होता. हंसाबेननी तो मानला नाही. अध्याहृत हक्क सोयीनुसार विसरला जातो, हे त्यांनी स्वदेशात पाहिले होते. अन्य स्त्री-प्रतिनिधींचेही पाठबळ मिळाले आणि अखेर त्या जागी 'ह्यूमन बीइंग्ज', म्हणजे मानव, हा शब्द आला. या बदलाचे मुख्य श्रेय आज जग हंसाबेनना देते.

एका शब्दाने काय होते, असे कोणी विचारील. गोमंतकीयाने तरी विचारू नये. जाहीरनामा संमत झाला तेव्हा गोवा सालाझारशाहीच्या टाचेखाली होता. १९४६ साली मडगावी डॉ. लोहियांनी नागरी स्वातंत्र्याची हाक दिली. त्याच वर्षी टी. बी. कुन्हा यांना आठ वर्षांची सजा फर्मावून पुढे पोर्तुगालातील पेनिशच्या किल्ल्यात डांबण्यात आले. जाहीरनाम्याने त्या तुरुंगाचे दार उघडले नाही, हे खरे. परंतु १९५१ साली पोर्तुगालने 'वसाहत' हा शब्द खोडून 'सागरपार प्रांत' असा शब्द का योजला? गुलामगिरी झाकण्यास तो एक शब्द पुरेल, अशी त्याची अटकळ होती. डिसेंबर १९६० मध्ये आमसभेने गोव्याची गणना अस्वायत्त प्रदेशांत केली आणि तो बुरखा फाडला. शब्दाने बेडी घडते आणि शब्दानेच ती उघडकीसही येते.

हंसाबेन १९४९ मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. स्त्री-पुरुष एकत्र शिकतात अशा भारतीय विद्यापीठाचे कुलगुरुपद स्त्रीला लाभण्याची ती पहिलीच वेळ होती. १९५९ साली पद्मभूषणने त्यांचा गौरव झाला. ४ एप्रिल १९९५ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या तसबिरीला हार घालणे सोपे आहे. आम्हांला वेगळेच सुचवावयाचे आहे. आपल्या गावकरीची आणि देवस्थानांच्या महाजनकीची नोंद पिढ्यानपिढ्या पुरुषांच्याच वाट्याला येत आली. लेकी-सुना त्यात अध्याहृतच राहिल्या. पालखीची आरास त्यांनी करावी, ठरावावर सही मात्र पुरुषाने. हंसाबेनसारखी एखादी कन्या उद्या त्या नोंदवहीवर बोट ठेवून एका शब्दाचा आग्रह धरील, तेव्हा आपण तिला काय उत्तर देणार आहोत?