कोलंबिया ते कसबे तडवळे

धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदार परिषद भरली. त्या परिषदेला बाबासाहेब आले होते, हे आपण अभिमानाने सांगतो. पण वतनाच्या प्रश्नावर झटणारा हा नेता अर्थशास्त्र अमेरिकेत शिकला होता, हे मात्र विसरतो.

१८९१ साली महूला जन्मलेले बाबासाहेब सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राचे २९ आणि इतिहासाचे ११ अभ्यासक्रम घेतले. इतिहासाच्या मुळाशी अर्थकारण शोधणारे प्रा. सेलिग्मन हे त्यांचे गुरू. त्याच विद्यापीठातील चार्ल्स बिअर्ड यांनी १९१३ सालीच ग्रंथ लिहून अमेरिकन घटनाकारांचे मालमत्तेतील हितसंबंध चव्हाट्यावर मांडले.

काय सांगतो अमेरिकेचा इतिहास? १७७६ च्या जाहीरनाम्याने सर्व माणसे समान ठरविली. १७८७ च्या घटनेने मात्र प्रतिनिधींची संख्या ठरविताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असा हिशेब केला. गुलामाला मत नव्हते. मोजणीचा लाभ मालकांच्या राज्यांना! कारण दक्षिणेकडील तंबाखूची, भाताची आणि पुढे कापसाची शेती त्याच्या फुकट श्रमावर उभी होती. १८६५ मध्ये गुलामगिरी गेली, १८६८ मध्ये नागरिकत्व आले, १८७० मध्ये मताधिकार आला. जमीन मात्र आली नाही. मुक्त झालेले असंख्य कृष्णवर्णीय पुन्हा गोऱ्या जमीनदारांच्याच शेतात बटाईने, कर्जात राबू लागले.

आपले वतन तरी दुसरे काय होते? तुकडाभर जमीन आणि बलुत्याच्या बदल्यात अख्खे घर रात्रंदिवस गावाच्या आणि सरकारच्या दावणीला. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतन कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक मांडले. वतनदारांसाठीच ते स्वतः तडवळ्याला आले.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याकडे त्यांचे लक्ष कायम होते. १९४६ मध्ये त्यांनी त्या लढ्याचे नेते डु बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. १९४७ च्या निवेदनात शेती सरकारी मालकीची करून ती जातिभेद न पाळता कसण्यास द्यावी, अशी मागणी घटनेसाठीच केली. ती मान्य झाली नाही. नोव्हेंबर १९४९ मध्ये त्यांनी घटना समितीत इशारा दिला, की राजकीय समता आली तरी सामाजिक-आर्थिक विषमता राहिली तर लोकशाहीचा डोलारा कोसळेल. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. पुढे १९५९ आणि १९६४ साली दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला, तो याच विचाराने.

आज मराठवाड्यात गायरान कसणारा आपला बांधव सातबाऱ्यावर नाव लागावे म्हणून कचेरीचे उंबरठे झिजवतो. मताचा हक्क हाती आहे, मातीचा नाही. आपल्या विद्यार्थ्यांनी अमेरिकेचा इतिहास केवळ परीक्षेपुरता वाचू नये. प्रत्येक हक्कापुढे एक प्रश्न लिहावा : जमीन कोणाच्या नावावर राहिली? तडवळ्याचा वारसा सांगणाऱ्यांना हा प्रश्न टाळता येणार नाही.