सम्राट अशोक: विजयानंतरचा हिशेब

मेजर हुद्द्याच्या अधिकाऱ्याच्या खांद्यावर अशोकस्तंभाचे सिंह असतात. शांततेच्या काळातील शौर्यासाठी आपल्या देशाचे सर्वोच्च पदक म्हणजे अशोकचक्र. पण ज्या राजाच्या नावाची ही चिन्हे आहेत, त्याने युद्ध सोडले असे आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचतो. मग सैनिकाच्या खांद्यावर त्याची खूण कशी? हा प्रश्न मला पडला आणि मी त्याचे चरित्र वाचायला घेतले.

अशोक हा चंद्रगुप्त मौर्याचा नातू आणि बिंदुसाराचा मुलगा. बौद्ध परंपरा सांगते की तरुणपणी तो उज्जैनचा कारभार पाहत असे. इ.स.पू. २६८ च्या सुमारास पाटलीपुत्रात त्याला राज्याभिषेक झाला. त्यानंतर आठ वर्षांनी त्याने कलिंगावर, म्हणजे आजच्या ओडिशाच्या भागावर, स्वारी केली आणि कलिंग जिंकले.

या युद्धात १,००,००० माणसे मारली गेली, १,५०,००० लोकांना पकडून दूर नेले आणि त्याहून कितीतरी जास्त नंतर मेले. हे आकडे शत्रूने सांगितलेले नाहीत. जिंकणाऱ्या अशोकानेच ते आपल्या तेराव्या शिलालेखात कोरून घेतले. जे वाचले, त्यांनाही आप्तांच्या दुःखाने यातना झाल्या, हेही त्याने नोंदवले आणि आपल्याला पश्चात्ताप झाल्याचे मान्य केले. जिंकलेला राजा आपली चूक दगडावर लिहितो, असे उदाहरण इतिहासात फार क्वचित सापडते.

अशोक बुद्धाचा उपासक झाला, पण एका दिवसात बदलला नाही. सुरुवातीचे वर्षभर आपण फारसे प्रयत्न केले नाहीत, हेही त्याने एका लेखात कबूल केले आहे. त्याच्या आधी बुद्धाची शिकवण मुख्यतः गंगेच्या खोऱ्यात होती. त्याच्या काळात ती दूरवर पोहोचली. श्रीलंकेच्या परंपरेनुसार त्याचा मुलगा महिंद तिथे धम्म घेऊन गेला. राज्याभिषेकानंतर वीस वर्षांनी अशोक स्वतः लुंबिनीला, म्हणजे आजच्या नेपाळात, गेला. बुद्ध इथे जन्मला असे लिहिलेला स्तंभ त्याने उभारला आणि गावाचा कर कमी केला. मात्र त्याने आपला धर्म कोणावर लादला नाही. ब्राह्मण आणि श्रमण दोघांचाही मान राखा, दुसऱ्याच्या पंथाची निंदा करू नका, असे तो प्रजेला सांगत राहिला. माणसांसाठी व जनावरांसाठी औषधोपचाराची सोय, रस्त्याकडेला झाडे आणि विहिरी ही त्याची कामे होती. मुंबईजवळ सोपाऱ्यालाही त्याच्या लेखांचे तुकडे सापडले आहेत.

दोन गोष्टी मला नवीन कळल्या. पहिली, त्याने सैन्य मोडल्याची नोंद कुठल्याही लेखात नाही. उलट, पश्चात्ताप झाला असला तरी शिक्षा करण्याचे बळ आपल्याकडे आहे, असे त्याने रानातल्या लोकांना बजावले. दुसरी, कलिंगातच, धौली आणि जौगड येथे, तेरावा लेख कोरलेला नाही. तिथे त्याऐवजी अधिकाऱ्यांना हुकूम आहे की प्रजा ही राजाची मुले आहेत, कोणालाही विनाकारण कैद करू नका, छळू नका. मला वाटते, ज्यांची घरे उजाड झाली, त्यांना मेलेल्यांचे आकडे ऐकवण्यापेक्षा नीट वागणे जास्त गरजेचे होते.

अशोक इ.स.पू. २३२ च्या सुमारास वारला. पुढे लोक त्याची लिपी विसरले. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ती वाचली, तेव्हा त्याचे शब्द पुन्हा कळू लागले.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले आहे. हाती शस्त्र घेणाऱ्याने त्या शस्त्राने काय झाले याचा हिशेब स्वतः द्यावा, हे त्या सिंहांकडून शिकायचे. उद्या परेडवर मेजर साहेबांना सॅल्यूट करताना मला हे आठवेल.